कागदी मोटरसायकलचं पेट्रोल

माझी बायको ग्वेत-हा वारली, त्याला साठ दिवस झाले होते. बंदरावरच्या मासेवाल्या आ-लुआनने मला हाक मारून थांबवलं आणि सांगितलं, की ग्वेत-हा तिच्या स्वप्नात आली होती.

“गाडी ढकलत होती बाई. घामाघूम झालेली. मी म्हटलं, ये, बस जरा. तर म्हणाली, नको, चढ चढायचाय.”

“अजून काय म्हणाली?”

“तुझ्या नावाने काहीतरी पुटपुटली. ते मी इथे सांगणार नाही, बाजार भरलाय.”

त्याच आठवड्यात माझी मोठी मेव्हणी पो-ग्योक हिच्याही स्वप्नात ती आली. तीही बंदरावरच राहते. तिथेही ग्वेत-हा गाडीच ढकलत होती, आणि मागून आम्ही जाळून पाठवलेले दोन कागदी नोकर हात लावत होते. पो-ग्योक म्हणाली, नोकर अगदीच कुचकामी निघाले, जोर लावला की त्यांचे हात दुमडतात.

मी दोघींना विचारलं, मग माझ्याकडे का येत नाही? दोघींनी एकच उत्तर दिलं: गाडी चढत नाही.

आमचं दुकान डोंगरावर आहे, बंदरापासून नऊ वळणं वर. मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. ग्वेत-हा इंजिनं उघडायची. मी पंक्चर काढायचो, तेल बदलायचो, गिऱ्हाइकाला चहा द्यायचो. एकतीस वर्षं असंच चाललं. एके दिवशी ती दुकानातच कोसळली. इस्पितळात अकरा दिवस तिच्या तोंडात नळी होती. त्याआधी ती माझ्याशी शेवटचं काय बोलली हे मी पुष्कळ आठवून पाहिलं. “तो डबा बाजूला कर” असं काहीतरी असावं. मला तिच्या तोंडून आणखी काहीतरी ऐकायचं होतं. शिवी असती तरी चालली असती.

म्हणून मी आ-लुआनकडे परत गेलो.

“गाडी ढकलण्याआधी चालू केली होती का तिने?”

“केली ना. पण कसला तो आवाज! टिनाच्या डब्यात वाटाणे हलवावे तसा. टकटकटकटक. आणि मग बंद.”

हा आवाज मला माहीत होता. इंजिन मला येत नाही, पण एकतीस वर्षं इंजिनाशेजारी बसलोय. चुकीचं पेट्रोल घातलं की असा आवाज येतो.

मी तडक ल्याव मास्तरकडे गेलो. मास्तरचं कागदकामाचं दुकान आहे. माणूस गेला की त्याला लागणारं घर, टीव्ही, नोकरचाकर तो बांबू आणि कागदाचे बनवतो, मग ते जाळून तिकडे पाठवायचं. एकोणपन्नासाव्या दिवशी आम्ही ग्वेत-हाला दुमजली घर, माजाँग खेळायचं टेबल, दोन नोकर आणि तिची दीडशे सीसीची मोटरसायकल पाठवली होती. मोटरसायकल हुबेहूब. मास्तरने तीन दिवस आमच्या दुकानात बसून मापं घेतली होती. त्याचं म्हणणं होतं, की ही बाई तिकडे गेल्या गेल्या इंजिन उघडून बघणार, त्यामुळे आतही सगळं पाहिजे. त्याने कागदाचा पिस्टन केला होता, कागदाचे व्हॉल्व्ह केले होते.

“मास्तर, पेट्रोल कुठलं पाठवलं होतंस?”

“पिंप पाठवलं होतं एक. लाल.”

“आकडा काय लिहिलास त्यावर?”

“ब्याण्णव. तूच सांगितलंस.”

मी सांगितलं होतं. माझ्या स्कूटरला ब्याण्णव लागतं, दुकानात येणाऱ्या जुन्या स्कूटरींना ब्याण्णव लागतं, म्हणून तोंडातून ब्याण्णव निघालं. तिच्या गाडीत मी कधीच पेट्रोल भरलं नव्हतं. ती भरू द्यायचीच नाही.

घरी येऊन मी तिच्या खऱ्या गाडीच्या टाकीचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं: ‘फक्त ९५. तोंग, हात लावू नकोस.’

तोंग म्हणजे मी.

तिने मला हे समजावलंही होतं, फार वर्षांपूर्वी. या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, तिने दोनदा घासलं होतं, त्यामुळे पिस्टनच्या वर जागा कमी उरली होती आणि दाब वाढला होता. “डब्यात भात दाबून दाबून भरला की झाकण कधी उडेल सांगता येतं का? तसंच असतं ते,” ती म्हणाली होती. “कमी आकड्याचं पेट्रोल दाब सोसत नाही. ठिणगी पडायच्या आधीच पेटतं, आणि पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यात फटका बसतो. मोठ्या आकड्याचं थांबतं.”

“म्हणजे मोठ्या आकड्यात ताकद जास्त?”

“सगळं जग हेच म्हणतं आणि पंपावर पैसे घालवतं. ताकद नाही रे, सोशिकपणा. तुझ्या स्कूटरला अठ्ठ्याण्णव पाजणं म्हणजे म्हशीला जिनसेंगचं सूप देणं.”

तेव्हा मी हसलो होतो आणि टायरकडे वळलो होतो.

मास्तरने दुसऱ्या दिवशी पंच्याण्णवचं पिंप करून दिलं. मी ते दुकानासमोर पत्र्याच्या डब्यात जाळलं. तिला समजावं म्हणून मोठ्याने सांगितलं, “ग्वेत-हा, जुनं पेट्रोल काढून टाक आणि हे भर. माझी चूक झाली.” समोरून पोस्टमन चालला होता. तो म्हणाला, “कार्ब्युरेटरही साफ करायला सांगा.”

दोन दिवसांनी तिसऱ्या वळणावरच्या शाळेतल्या बाई दुकानात आल्या. त्यांना काहीही दुरुस्त करायचं नव्हतं.

“तुमच्या मिसेस आल्या होत्या काल स्वप्नात,” त्या जरा संकोचून म्हणाल्या. “गाडीचा आवाज होत होता. मी पाणी दिलं. फार घाईत होत्या.”

“ढकलत होती?”

“नाही. बसल्या होत्या. पण गाडी धापा टाकत होती हो.”

तिसरं वळण! बंदरावरून तिसऱ्या वळणापर्यंत आली होती ती. मी बाईंच्या स्कूटरमध्ये फुकट हवा भरून दिली आणि मास्तरकडे पळालो.

“अठ्ठ्याण्णव कर,” मी म्हटलं.

“पण झाकणावर तर पंच्याण्णव लिहिलंय म्हणालास.”

“अजून ठोकतंय इंजिन. अठ्ठ्याण्णव कर.”

“मला काय, आकडा लिहायला तेवढीच शाई लागते,” मास्तर म्हणाला आणि ब्रश उचलला.

अठ्ठ्याण्णव जाळलं, आणि चौथ्या दिवशी सातव्या वळणावरचे रिटायर झालेले हवालदार हाऊ काठी टेकत वर आले. ते चिडलेले होते.

“तोंग, तुझ्या बायकोने रात्रभर माझ्या दारात गाडी लावली. मला स्वप्नातून बाहेर पडायला जागा नव्हती. सकाळी साडेनऊला उठलो मी!”

“माफ करा काका. काही बोलली का?”

“मी म्हटलं, इथे गाडी लावायची नाही. तर म्हणते, लावली नाहीये, बंद पडलीये. आणि मलाच म्हणते, चौदाचा पाना आहे का?”

“मग दिलात?”

“स्वप्नात कुठला पाना आणू मी? मी झोपलो होतो.”

सातवं वळण. आणखी दोन राहिली होती, आणि सगळ्यात उभा चढ तिथेच आहे. पंपावर अठ्ठ्याण्णवच्या पुढे काही मिळत नाही. पंपावरच्या मुलीला मी विचारलं, तर ती म्हणाली की शर्यतीच्या गाड्यांना शंभराच्या वरचं लागतं, पण ते विमानतळाकडे कुठेतरी विचारावं लागेल. “गाडी कुठली आहे काका?” मी म्हटलं, कागदाची. तिने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

मग मी ग्वेत-हालाच विचारायचं ठरवलं. देवळात लाकडाच्या चंद्रकोरी टाकून विचारतात, घरी नाण्यांनी विचारतात. मी नटाखाली घालायचे दोन मोठे वायसर घेतले आणि त्यांच्या एका बाजूला लाल रंग लावला, कारण नाण्यांपेक्षा तिला वायसरवर जास्त भरवसा होता. एक लाल आणि एक साधी बाजू पडली तर होकार. दोन्ही साध्या पडल्या तर नकार. दोन्ही लाल पडल्या तर समोरचा हसतोय असं समजायचं. मास्तरला बरोबर घेतलं. तिच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि वायसर टाकले.

“ग्वेत-हा, शंभर ऑक्टेन पाठवू का?”

दोन्ही लाल.

“एकशे दहा?”

दोन्ही लाल.

“एकशे तीस?”

दोन्ही लाल. त्यातला एक वायसर घरंगळत कपाटाखाली गेला. मास्तरने वाकून पाहिलं आणि खालूनच ओरडला, “हाही लालच!”

“खूश दिसतेय बाई,” मास्तर कपडे झटकत म्हणाला.

“ती माझ्यावर हसतेय. यात खूश काय?”

“एकतीस वर्षांत तुझ्यावर हसताना ती नाखूश दिसली का कधी?”

नुसतं विचारून भागणार नाही हे मला कळलं होतं. दाब किती आहे हे माहीत नसताना आकडा कसा ठरवणार? तिच्या खऱ्या गाडीचा दाब साडेअकराला एक होता, म्हणजे साडेअकरा भाग दाबून एका भागात, हे तिने वहीत लिहून ठेवलं होतं. त्याला पंच्याण्णव बरोबर. मग कागदी गाडीचा दाबच वेगळा असला पाहिजे.

“मास्तर, इंजिन मापाप्रमाणेच केलं होतंस ना?”

“म्हणजे काय! नमुना अजून माळ्यावर आहे. मी प्रत्येक वस्तू आधी एकदा करून बघतो.”

नमुना खाली आणला. खऱ्या इंजिनात असं माप तेल ओतून घेतात. कागदात तेल ओतता येईना, म्हणून मास्तरच्या बायकोने तीळ दिले. पिस्टन खाली घेऊन आम्ही चमच्याने तीळ मोजत भरले. साठ चमचे. पिस्टन वर ढकलला. आता फक्त दोन चमचे मावले.

साठाला दोन. म्हणजे तीसला एक.

मी पुन्हा मोजलं. मग मास्तरने मोजलं. मग मास्तरच्या बायकोने आम्हा दोघांना बाजूला करून मोजलं आणि तेवढंच निघालं.

“मास्तर, तीसला एक असा दाब कुठल्याच पेट्रोलच्या इंजिनात नसतो. एवढा तर डिझेलच्या ट्रकलाही नसतो!”

“मापं तर बरोबर आहेत.”

“मग आतली जागा गेली कुठे?”

मास्तरने चिमट्याने हेडच्या आत चाचपलं. मग त्याचा चेहरा बदलला. त्याने हळूच आतून सोनेरी कागदाची एक घडी ओढून काढली. मग दुसरी. मग तिसरी. तिकडे खर्चायला आपण जे पैसे जाळतो, ते.

“हे काय आहे?”

“अरे, रिकामं कसं द्यायचं?” मास्तर म्हणाला. “पाकीट दिलं तर आपण त्यात नोट घालतो. डबा परत करताना त्यात फळ घालतो. एवढं मोठं इंजिन, आत मोकळं. मी म्हटलं, ती उघडणारच आहे, उघडेल तेव्हा हाताला काहीतरी लागेल. बरं वाटेल तिला.”

“पिस्टनच्या डोक्यावर पैसे कोंबलेस तू?”

“नमुन्यात तीन घड्या ठेवल्या, तशाच तिकडे तीन. चांगल्या भावनेने केलं मी!”

त्याची बायको म्हणाली, “मागे शिंपिणीला शिलाई मशीन पाठवलं तेव्हा दोऱ्याच्या रिळातही यांनी असंच केलं होतं. त्या घरी कोणाला काय स्वप्न पडलं असेल देव जाणे.”

पैसे काढून पुन्हा तीळ भरले. वर साडेपाच चमचे, खाली साडेत्रेसष्ट. मास्तरच्या बायकोने हिशेब केला: साडेअकराला एक. म्हणजे मास्तरचं माप केसभरही चुकलं नव्हतं. तीन घड्या काढल्या की पंच्याण्णव पुरणार होतं. बिचारी तीसच्या दाबावर सातव्या वळणापर्यंत आली, ती फक्त स्वतःच्या हुशारीवर.

“मग सोपं आहे,” मास्तर म्हणाला. “तिला सांगू, हेड उघड आणि पैसे काढून घे.”

“कशाने उघडेल?”

मास्तरने चिमटा खाली ठेवला. आम्ही तिला घर दिलं होतं, दोन नोकर दिले होते, माजाँगचं टेबल दिलं होतं. ती माजाँग खेळायची नाही. आणि एकही पाना दिला नव्हता. एकतीस वर्षं जिच्या हातात पाना पाहिला, तिला मी रिकाम्या हाताने पाठवली होती. हवालदारांकडे चौदाचा मागायची वेळ तिच्यावर आणली होती.

मास्तरने लगेच पाने करायला घेतले. आठ, दहा, बारा, चौदा, सतरा, हातोडी, पक्कड. मी म्हटलं, पक्कड चिकटवून टाकू नकोस, तिचं तोंड उघडलं पाहिजे. पण एवढ्याने भागत नव्हतं. हेड एकदा उघडलं की त्याच्या आणि सिलिंडरच्या मधलं पॅकिंग बाद होतं. नवीन घालावं लागतं. इथे त्याला धातूचं लागतं, पण तिकडे सगळं इंजिनच कागदाचं, तेव्हा कागदाचं पॅकिंग चाललं असतं. आमच्या दुकानात पॅकिंगच्या जाड कागदाची गुंडाळी होती.

“काढ, मी कापतो,” मास्तर म्हणाला.

“नको. हे मी कापतो.”

“तुला येतं?”

“नाही.”

पॅकिंग कापायचं तर नमुना हवा, आणि नमुना हवा तर तिच्या खऱ्या गाडीचं हेड उघडायला हवं होतं. झाकणावर काय लिहिलंय ते मला माहीत होतं. दुपारी शटर अर्धं ओढून मी गाडीजवळ बसलो. तिला म्हटलं, आता हात लावतोय, काय बोलायचं ते येऊन बोल. आणि चार नट सोडवले. तिसरा नट फार घट्ट होता. तिचा हात माझ्यापेक्षा जड होता हे मला ठाऊक होतं, पण नट सोडवताना पहिल्यांदा कळलं.

हेड वर उचललं. आत मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. पिस्टनचं डोकं फिक्या चहाच्या रंगाचं होतं, सगळीकडे सारखं. एकही काळा डाग नव्हता की खड्डा नव्हता. पेट्रोल बरोबर असलं की असा रंग येतो असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. हेडच्या कडेला तिने घासल्याच्या बारीक रेघा होत्या. मी त्यांवरून बोट फिरवत राहिलो. मग एक गिऱ्हाईक शटरखालून डोकावलं आणि म्हणालं, “पंक्चर आहे हो.” मी म्हटलं, “आज इंजिनचं काम चाललंय.” ते गिऱ्हाईक घाबरून निघून गेलं.

जाड कागद सिलिंडरच्या वर ठेवून मी कडेकडेने हलक्या हातोडीने ठोकला. कडेचा ठसा कागदावर उमटतो. असं करताना मी तिला हजार वेळा पाहिलं होतं. मग कात्रीने मधलं मोठं भोक कापलं आणि पोगराने नटांची चार भोकं पाडली. पहिली दोन पॅकिंगं फुकट गेली. तिसरं बरं झालं.

संध्याकाळी मास्तर, त्याची बायको आणि पो-ग्योक दुकानासमोर जमले. पाने, हातोडी, पक्कड, पॅकिंग आणि पंच्याण्णवचं नवीन पिंप डब्यात ठेवलं. मी फोटोपुढे उभा राहून सगळं सांगितलं. हेड उघड. आत तीन घड्या आहेत, त्या तुझ्याच आहेत, ठेवून घे, मास्तरने दिल्यात. नवीन पॅकिंग घाल. मग पंच्याण्णव भर.

“नट चौकटीत समोरासमोरचे आळीपाळीने कस, असंही सांग,” पो-ग्योक म्हणाली.

“ते तिला सांगायला नको, ताई.”

“मग एवढं सगळं कशाला सांगत बसलास?”

वायसर टाकले. एक लाल, एक साधा. मास्तरच्या बायकोने टाळी वाजवली. आम्ही काडी लावली.

पुढचे दोन दिवस ती कोणाच्याच स्वप्नात आली नाही. मी सकाळी बंदरावर जाऊन आ-लुआनला विचारलं, शाळेत जाऊन बाईंना विचारलं. हवालदार काका म्हणाले, “दार मोकळं आहे माझं. छान झोप लागली.” मी त्यांच्यासाठी संत्री नेली होती, ती दिली आणि परत वर चढून आलो. चालत येताना आठव्या आणि नवव्या वळणावर मी उगाचच रस्त्याकडे बघत होतो, तेलाचा डाग दिसतो का म्हणून.

तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर दुकानातल्या खुर्चीत माझा डोळा लागला.

आवाज आला. एकसारखा, खालून वर येणारा. टकटक नाही, काही नाही. नवव्या वळणावर तिने गिअर खाली टाकला तो मला ऐकू आला. मग गाडी दारात आली आणि तिने किल्ली फिरवली. ग्वेत-हा उतरली. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते.

मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं, “जेवलीस का?”

“पॅकिंग कोणी कापलं?”

“मी.”

“नटाचं एक भोक तिरपं आहे.”

“तिसऱ्या प्रयत्नातलं आहे ते.”

“ते दिसतंच आहे. कडेने तेल झिरपतंय. इथवर आली, पण हे असं चालणार नाही.” ती खाली बसून सिलिंडरकडे बघत होती. मी तिच्या शेजारी बसलो. तिने मला हाताने जरा बाजूला सारलं, उजेड अडत होता म्हणून. “नवीन कापून ठेव. नीट माप घे. मी येईन न्यायला.”

“कधी?”

“तू कापशील तेव्हा,” ती म्हणाली आणि रॉकेलच्या फडक्याला हात पुसू लागली.

मी जागा झालो तेव्हा ल्याव मास्तर दारात उभा होता, आणि माझ्या तोंडाकडे बघत होता.

“आली?”

“आली.”

“मग? पेट्रोल बरोबर होतं?”

“पेट्रोल बरोबर होतं. पॅकिंग चुकलं.”

“चल मग, आज दुसरं जाळून टाकू.”

मी म्हटलं, बघू, ती स्वतः न्यायला येईन म्हणालीय. नवीन पॅकिंग मी दुसऱ्याच दिवशी कापलं. चारही भोकं सरळ आहेत, दोनदा मोजून पाहिली. ते फळीवर ठेवलंय. अजून जाळलेलं नाही.